पांढरा ढग, कोरडे अंगण : उपग्रहाला दिसणारे हिमस्फटिक

माझी मावशी बडोद्यात राहते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने तेथे २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्यात राहिला. मावशीचे घर तळमजल्यावर, नदीपासून फार लांब नाही. तांदळाचा डबा, काकांची कागदपत्रे, आजीचे लाकडी देव्हारे असे बरेच काही त्या पाण्याने नेले किंवा नासवले. तेव्हापासून पावसाळा लागला की मावशी रोज सकाळी मोबाइलवर उपग्रहाने टिपलेले ढगांचे छायाचित्र पाहते आणि त्यानंतरच चहाचे आधण ठेवते.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी असेच एक छायाचित्र आमच्या वृत्तकक्षात आले. गुजरातचा मधला भाग दुधासारखा पांढरा दिसत होता. पृष्ठ घाईत होते आणि ओळ मला लिहायची होती. ‘मध्य गुजरातवर पांढराशुभ्र पट्टा, बडोदा परिसरात मुसळधार पावसाची स्थिती’ असे मी लिहून टाकले. गोव्यातील वर्तमानपत्र असले तरी मावशी माझ्यासाठी म्हणून ते वाचते. संध्याकाळी तिचा फोन आला. “अगं, तू लिहिलंस म्हणून आम्ही दोघांनी मिळून सगळं सामान वरच्या मजल्यावर चढवलं. काकांची कंबर धरली. आणि इथे सकाळपासून एक थेंब नाही. आभाळ भरलंय खरं, पण नुसतं पांढुरकं, दह्याच्या निवळीसारखं.”

मी क्षमा मागितली. तरीही तिचा प्रश्न डोक्यातून जाईना : एवढा पांढरा ढग आणि पाऊस नाही, हे कसे? मराठी घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाला भौतिकशास्त्राची वाट जरा चढणीची असते; पण गेले काही महिने जमेल तसे वाचत गेले, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न केवळ माझ्या ओळीचा नाही. त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ लावताना उपग्रहांची मोजमापे करणारे शास्त्रज्ञही अनेक दशके अडखळत आले आहेत. अडखळण्याचे कारण आहे ढगांच्या माथ्यावरचे बर्फाचे स्फटिक. एका केसाच्या जाडीइतके, कधी त्याहून लहान, कधी थोडे मोठे.

आधी त्या छायाचित्राविषयी. हवामानाच्या बातमीत आपण जे चित्र पाहतो ते बहुधा इन्सॅट मालिकेतील उपग्रहाचे असते. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी स्थिर वाटतो. सप्टेंबर २०१६ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला. पणजी त्या रेखांशाच्या अगदी लगत आहे आणि बडोदेही एक अंशाच्या आत. म्हणजे गोव्याच्या माणसाने किंवा बडोद्याच्या माणसाने दक्षिणेकडे तोंड करून वर पाहिले, तर हा उपग्रह जवळजवळ नाकासमोर असतो. अर्थात तो दिसत नाही.

बडोद्याचे या उपग्रहांशी आणखी एक नाते आहे. इन्सॅट-१ प्रकल्पाचे संचालक प्रमोद काळे पुण्यात जन्मले. पण १९५६ मध्ये मॅट्रिक झाले ते बडोद्याच्या शाळेतून, आणि १९६० मध्ये पदार्थविज्ञानाची बी.एस्सी. पदवी त्यांनी घेतली ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानातून इन्सॅट-१बी सोडण्यात आला आणि भारताला स्वतःच्या भूस्थिर उपग्रहावरून आपल्या आकाशाची चित्रे नियमित मिळू लागली. पुढे काळे अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक झाले. बडोद्याहून रेल्वेने दोन तासांच्या अंतरावर असलेल्या या केंद्रातच इन्सॅटचे ‘डोळे’ म्हणजे प्रतिमा टिपणारी उपकरणे घडतात. इन्सॅट-१बीच्या दृश्य प्रकाशातील चित्रात पावणेतीन किलोमीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नसे. इन्सॅट-३डीआरसाठी ही मर्यादा एक किलोमीटर आहे. डोळे तीक्ष्ण झाले. समोर जे दिसते त्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न मात्र तीक्ष्ण डोळ्यांनी सुटत नाही.

उपग्रह मुळात छायाचित्र काढतच नाही. तो मोजतो. दिवसाच्या दृश्य प्रकाशातील चित्रात प्रत्येक ठिपका म्हणजे त्या जागेवरून वर परतलेल्या सूर्यप्रकाशाचे मोजमाप असते. जास्त प्रकाश परतला तर ठिपका पांढरा, कमी परतला तर काळा. समुद्र काळा दिसतो, कारण तो बहुतेक प्रकाश गिळतो. ढग पांढरे दिसतात, कारण ते बराच प्रकाश परतवतात. रात्री हे चित्र बंद पडते आणि अवरक्त किरणांचे चित्र वापरले जाते. त्यात पांढरे म्हणजे थंड, काळे म्हणजे उष्ण. दोन्ही चित्रे वृत्तकक्षात एकाच आकारात, एकाच प्रकारच्या राखाडी छटांत येतात आणि माझ्यासारखे लोक दोहोंखाली एकच ओळ लिहितात. हा आमचा दोष. पण दोन्ही चित्रांत एका बाबतीत साम्य आहे : दोन्ही ढगाचा माथा दाखवतात. पाऊस पडतो तो तळातून.

पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाला येते. त्याच्या वर गेल्याबरोबर पाणी गोठते असे मात्र नाही. स्वच्छ हवेतील सूक्ष्म थेंब उणे ३० अंशांनाही द्रवरूप राहू शकतात. उणे ३८ अंशांच्या आसपास मात्र त्यांना गोठण्यावाचून गत्यंतर नसते. मोठा गडगडाटी ढग पंधरा-सोळा किलोमीटर उंची गाठतो. म्हणजे अशा ढगाचा वरचा अर्ध्याहून अधिक भाग बर्फाचा असतो, आणि भर जुलैत घामाने भिजलेल्या गोमंतकीयाच्या डोक्यावर उणे ७० अंशांचा हिमप्रदेश तरंगत असतो. वर चढणाऱ्या हवेला या उंचीवर छत लागते, मग ती आडवी पसरते. ढगाच्या माथ्याला लोहाराच्या ऐरणीसारखा आकार येतो. खालचा ढग तासा-दोन तासांत पाऊस पाडून विरून जातो; माथ्यावरची बर्फाची चादर मात्र पुढे कित्येक तास राहते आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर सरकते. ती कडेला विरळ होत गेली की तिचे पिसांसारखे, कापसाच्या पिंजलेल्या तंतूंसारखे ढग होतात. सिरस किंवा तंतुमेघ ते हेच.

आपल्या द्वीपकल्पावर तर या चादरीला वाहून नेणारा खास वाराही आहे. पावसाळ्यात चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे अतिशय वेगाने वारा वाहतो. पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तो ओळखला आणि आज तो उष्णकटिबंधीय पूर्वेचा झोतवारा म्हणून जगभर शिकवला जातो. खाली आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा माडांना पूर्वेकडे वाकवत असतो आणि त्याच वेळी डोक्यावर पंधरा किलोमीटरवर ढगांची पिसे उलट दिशेला, समुद्राकडे धावत असतात. उपग्रहाच्या चित्रात गोव्याच्या पश्चिमेला समुद्रावर जी पांढुरकी फटकारे दिसतात त्यांतील काही घाटापलीकडच्या ढगांची अशी उडालेली पिसे असतात. त्यांच्याखाली पाऊस असतोच असे नाही.

मावशीच्या डोक्यावर त्या दुपारी अशीच एखादी जाड चादर असावी. पाऊस बहुधा दुसरीकडेच पडून गेला होता.

आता मूळ मुद्दा. ही चादर इतकी पांढरी का दिसते, आणि तिच्या पांढरेपणावरून तिच्यात किती बर्फ आहे हे सांगता येते का?

पाण्याच्या ढगाचे गणित तुलनेने सोपे आहे. ढगातील थेंब गोल असतात. गोल थेंबावर प्रकाश पडला तर तो कोणत्या दिशेला किती विखुरतो, याचे नेमके गणित गुस्टाफ मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्येच मांडून ठेवले. थेंबाची त्रिज्या सांगा, उत्तर तयार. बर्फ गोल नसतो. त्याचे स्फटिक षट्कोनी असतात : कधी पेन्सिलीच्या तुकड्यासारखे लांबट खांब, कधी सहा बाजूंच्या पातळ चकत्या, कधी एका मध्यापासून सर्व दिशांना फुटलेले काटेरी झुबके, आणि बरेचदा यांतील कशाच्याही चौकटीत न बसणारे, एकमेकांना चिकटलेले, कडा झिजलेले, पृष्ठभाग खरबरीत झालेले कण. एका ढगात हे सारे एकत्र नांदतात आणि उंची बदलली की त्यांचे प्रमाणही बदलते.

आकाराचा प्रकाशावर काय परिणाम होतो, हे आपल्या आजी-पणजींनी पाहिलेले आहे. चंद्राला किंवा सूर्याला खळे पडते तेव्हा ते मध्यबिंदूपासून बरोबर २२ अंशांवर असते. हात ताठ करून पंजा फाकवला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढे अंतर भरते. षट्कोनी खांबाच्या एका बाजूने आत शिरून एक सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडणारा किरण किमान तेवढा वळतो, म्हणून खळे तिथेच दिसते. म्हणजे खळे ही षट्कोनी, गुळगुळीत स्फटिकांनी आकाशावर केलेली स्वाक्षरीच होय. गंमत अशी की सिरस ढग इतका नेहमीचा असूनही स्पष्ट खळे आपल्याला रोज दिसत नाही. याचा अर्थ बहुसंख्य स्फटिक पुस्तकातल्या चित्रासारखे नितळ नसतात, खरबरीत असतात. खरबरीत पृष्ठभागावरून निघालेले किरण ठरावीक जागी न जाता सगळीकडे पसरतात.

ही गोष्ट उपग्रहाच्या मोजमापाला थेट भिडते. कणावर पडलेला प्रकाश पुढे किती जातो आणि मागे किती वळतो, यासाठी शास्त्रज्ञ एक अंक वापरतात. सगळा प्रकाश पुढेच गेला तर तो अंक १. पुढे-मागे सारखा वाटला गेला तर शून्य. ढगातील पाण्याच्या थेंबांसाठी तो साधारण ०.८५ असतो. खरबरीत हिमस्फटिकांसाठी सुमारे ०.७५. फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब उलट बाजूने करावा लागतो : १ मधून वजा करता थेंबासाठी ०.१५ उरतात आणि स्फटिकासाठी ०.२५. उपग्रहाकडे परतणारा प्रकाश ढोबळमानाने या उरलेल्या अंकाला ढगाच्या ‘प्रकाशीय जाडी’ने, म्हणजे प्रकाशाला अडवण्याच्या क्षमतेने, गुणल्यावर ठरतो. समजा बर्फाच्या ढगाची प्रकाशीय जाडी १० आहे. उपग्रहाच्या संगणकाने तो ढग पाण्याचा आहे असे मानले, तर तेवढाच पांढरेपणा येण्यासाठी त्याला जाडी सुमारे १७ धरावी लागेल. तो बर्फाचाच आहे हे ओळखले, पण स्फटिक नितळ मानून ०.८० हा अंक वापरला, तर उत्तर साडेबारा येईल. ढग तोच, प्रकाश तोच, मोजणारे उपकरण निर्दोष. आणि उत्तरे तीन.

ही केवळ कागदावरची शक्यता नाही. नासाच्या टेरा आणि अक्वा या उपग्रहांवरील मोडिस हे उपकरण अनुक्रमे २००० आणि २००२ पासून जगभरच्या ढगांची जाडी मोजत आले आहे. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत बर्फाच्या कणांसाठी अनेक आकारांचे मिश्रण गृहीत धरले होते. नंतरच्या सहाव्या आवृत्तीत ते बदलून खांबांचे अतिशय खरबरीत झुबके गृहीत धरण्यात आले. परिणामी जगभरच्या बर्फाच्या ढगांची नोंदलेली जाडी कमी झाली. आकाशात काहीच बदलले नव्हते. स्फटिकाविषयीचे गृहीतक बदलले होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. पाठ तोच राहतो, टीका बदलली की अर्थ बदलतो.

याहून चमत्कारिक प्रकार पातळ चकत्यांचा आहे. झाडाचे पान गळताना जसे आडवे, तरंगत खाली येते, तशा षट्कोनी चकत्या शांत हवेत आडव्या राहून पडतात. अशा कोट्यवधी चकत्या एका पातळीत आल्या की तो ढग आरशासारखा वागू लागतो. विमानात खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशाला कधीकधी ढगात, क्षितिजाच्या खाली, सूर्याची लख्ख प्रतिमा दिसते ती याचमुळे.

अंतराळातूनही ती दिसते. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेले. त्याने काढलेल्या चित्रांचा अभ्यास करून कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. समुद्रावरील आरशासारखी चमक त्यांनी नोंदवली होती. पाण्याचा सपाट पृष्ठभाग असल्याची ती खूण. पुढे २०१५ मध्ये डिस्कव्हर हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर, सूर्याच्या दिशेला नेऊन ठेवण्यात आला. तेथून त्याला पृथ्वीची कायम उजेडातील बाजू दिसते. त्याच्या चित्रांत तर जमिनीवरही लहान लखलखते ठिपके दिसू लागले. कोरड्या जमिनीवर आरसा कुठून आला? अलेक्झांडर मार्शक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०१६ पर्यंतच्या चित्रांत असे ८६६ लखलखाट मोजले. ते कुठेही होत नव्हते. सूर्य, पृथ्वी आणि उपग्रह यांच्यातील कोन आरशाच्या नियमाला जुळेल अशाच जागी होत होते. म्हणजे विजा नव्हेत. ऑक्सिजन जे किरण शोषतो त्यांच्या मोजमापावरून कळले की लखलखाट जमिनीवरचा नसून पाच ते आठ किलोमीटर उंचीवरचा आहे. आडव्या तरंगणाऱ्या बर्फाच्या चकत्या, हे उत्तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशीच एक आठवण कॅलिप्सो उपग्रहाची. २००६ मध्ये सोडलेला हा उपग्रह स्वतःच लेझरचा किरण खाली टाकून ढगांची उंची मोजत असे. त्याचा लेझर जवळजवळ सरळ खाली, उभ्यापासून केवळ ०.३ अंश कललेला होता. आडव्या चकत्यांवरून तो थेट डोळ्यांत परते आणि मोजमाप बिघडे. नोव्हेंबर २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी लेझर ३ अंशांपर्यंत कलता केला आणि त्रास पुष्कळ कमी झाला. कोट्यवधी डॉलरच्या यंत्राने बर्फाच्या चकत्यांपुढे मान थोडी वाकडी केली, असेच म्हणावे लागेल.

इन्सॅटला मात्र मान वाकडी करता येत नाही. तो एकाच जागेवरून पाहतो आणि सूर्य दिवसभर सरकत असतो. पाण्याचा असो वा बर्फाचा, कोणताही ढग सर्व दिशांना सारखाच उजळ नसतो. त्यामुळे सकाळी दहाला दिसलेला पांढरेपणा आणि दुपारी चारला दिसलेला पांढरेपणा यांची सरळ तुलना करणे चूक ठरते. त्यातच उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे बडोद्याकडे तो तिरपा, उभ्या रेषेपासून सुमारे २६ अंश कलून पाहतो. पंधरा किलोमीटर उंचीवरील ढग त्यामुळे नकाशावर सात किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. गोव्यासाठी ही चूक पाच किलोमीटरच्या आसपास येते. एखाद्या गावावर नेमका कोणता ढग आहे हे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मग पाण्याचा ढग आणि बर्फाचा ढग ओळखायचा कसा? येथे निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. आपल्या डोळ्यांना दोघेही सारखेच पांढरे दिसतात. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या १.६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास बर्फ पाण्यापेक्षा बराच अधिक प्रकाश शोषतो. त्या प्रकाशात पाहिले की पाण्याचे ढग उजळ राहतात आणि बर्फाचे ढग काळवंडतात. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीपासून हा पट्टा आपल्या उपग्रहांवर आहे. दृश्य प्रकाश, हा १.६ मायक्रॉनचा प्रकाश आणि माथ्याचे तापमान यांना लाल, हिरवा आणि निळा रंग देऊन हवामान विभाग दिवसाची रंगीत चित्रे तयार करतो. त्यांत जाड, थंड, बर्फाचे माथे तांबड्या छटेकडे झुकतात. मी ओळ लिहिली ती करड्या चित्राखाली. शेजारी हे रंगीत चित्र उपलब्ध होते आणि मी ते उघडलेही नव्हते.

पातळ सिरससाठी दुसरी युक्ती आहे. दृश्य चित्रात तो इतका पारदर्शक असतो की खालची जमीन आणि ढग यांचा उजेड एकमेकांत मिसळतो. १.३८ मायक्रॉनच्या प्रकाशाला हवेतील बाष्प जवळजवळ पूर्ण गिळते. त्यामुळे दमट हवेत जमिनीवरून किंवा खालच्या ढगांवरून तो उपग्रहापर्यंत परतूच शकत नाही. परततो तो बाष्पाच्या थराच्याही वर तरंगणाऱ्या बर्फावरूनच. मोडिसवर हा पट्टा आहे, २०१३ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-८ वरही आहे. शेतातील पिकांची उपग्रहचित्रे अभ्यासणाऱ्यांना त्याचे महत्त्व विशेष, कारण न दिसणारा सिरस पिकाचा रंग किंचित बदलून दाखवतो आणि निरोगी शेत आजारी भासू शकते. जमिनीवरूनही तपासणी होते. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गादंकी येथील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळेत १९९८ पासून लेझर आकाशात सोडून सिरसचा अभ्यास होत आला आहे. गोल थेंबावरून परतलेल्या लेझरचे ध्रुवीकरण बदलत नाही, वेड्यावाकड्या स्फटिकावरून परतलेल्याचे बदलते. त्यावरून वर पाणी आहे की बर्फ, हे कळते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पृथ्वीवर सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे ३४० वॅट सूर्यप्रकाश पडतो आणि त्यातील सुमारे १०० वॅट परत अंतराळात जातो. या शंभरात ढगांचा वाटा मोठा आहे. बर्फाचा ढग एकीकडे ऊन परतवून पृथ्वीला थंड करतो आणि दुसरीकडे तिची उष्णता अडवून तिला तापवतो. पातळ सिरसमध्ये दुसरी बाजू वरचढ ठरते, जाड चादरीत पहिली. येत्या दशकांत तापमान किती वाढेल, या हिशेबात म्हणूनच स्फटिकाच्या खरबरीतपणालाही जागा आहे. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून ऑक्टोबर २०११ मध्ये सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावर परतणारे ऊन आणि बाहेर जाणारी उष्णता मोजण्यासाठी स्कारॅब नावाचे उपकरण होते, ते याचसाठी.

बडोद्यापुरते बोलायचे तर हिशेब आणखी जवळचा आहे. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते तेथे नर्मदेच्या कालव्यावर उभारलेल्या १० मेगावॉट सौरऊर्जा प्रकल्पाचे उद्घाटन झाले. अशा ठिकाणी आज किती वीज मिळेल, याचा अंदाज बांधायला इन्सॅटच्या मोजमापातून काढलेली जमिनीवरील उन्हाची आकडेवारी उपयोगी पडते. तत्त्व साधे : जे ऊन वर परतले ते खाली पोहोचले नाही. पण मधल्या ढगाचे स्फटिक चुकीचे धरले तर परतलेल्या उन्हावरून काढलेली खालच्या उन्हाची रक्कमही चुकते. शिवाय सिरसमधून आलेले ऊन बरेचसे किंचित वळून, विखरून येते. साध्या सपाट पॅनेलना त्याने फारसे बिघडत नाही. आरशांनी ऊन एका बिंदूवर एकवटणाऱ्या यंत्रांना मात्र ते निरुपयोगी ठरते, जरी माणसाला ‘चांगले ऊन पडले आहे’ असेच वाटत असले तरी.

आणि पाऊस. अवरक्त चित्रावरून पाऊस मोजण्याची १९८० च्या दशकातील एक प्रसिद्ध रीत अशी होती : माथा उणे ३८ अंशांपेक्षा थंड असेल तर त्याखाली ताशी ३ मिलिमीटर पाऊस पडतो असे धरायचे. मोठ्या प्रदेशाची, महिन्याभराची सरासरी काढायला ही रीत बरी चालली. एका शहरासाठी, एका दुपारसाठी ती फसवी आहे, कारण पाऊस संपल्यावर उरलेली बर्फाची चादरही तितकीच थंड असते. अहमदाबादच्या केंद्राने पुढे इन्सॅटसाठी विकसित केलेल्या पद्धतीत अवरक्त मोजमापाला इतर उपग्रहांवरील सूक्ष्मलहरींच्या मोजमापाची जोड दिली. सूक्ष्मलहरी बर्फाच्या पातळ चादरीतून आरपार जातात आणि खालच्या पावसाचा माग काढतात. माझ्या त्या ओळीमागील तर्क जुन्या रीतीपेक्षाही ढोबळ होता, हे कबूल करायला हवे. जुनी रीत निदान तापमान पाहत होती. मी नुसता रंग पाहिला.

उलटही घडते, आणि ते अधिक धोक्याचे आहे. घाटमाथ्याला अडून बरसणारे कोकण-गोव्याचे पुष्कळसे ढग फार उंच जात नाहीत. त्यांचा माथा उबदार, बर्फ थोडा, आणि पाऊस मात्र बदाबदा. उपग्रहाच्या अवरक्त चित्रात ते करडे, निरुपद्रवी दिसतात. बडोद्यात चित्र पांढरे आणि अंगण कोरडे; सत्तरीत चित्र करडे आणि ओहोळ भरलेले. २०२४ च्या पुरात तर तिसरीच गोष्ट होती : पावसाचा जोर ओसरल्यावरही वरच्या भागातून आलेले पाणी नदीत चढत राहिले. ते ढगांच्या कुठल्याही चित्रात दिसण्यासारखे नव्हते. त्यासाठी आजवा सरोवराची आणि नदीची पातळी पाहावी लागते, आणि ती आकाशात नाही, फुटांत लिहिलेली असते.

आता मी उपग्रहाच्या चित्राखाली ओळ लिहिताना आधी पाहते की चित्र दृश्य प्रकाशाचे आहे की अवरक्त. मग वेळ पाहते, रंगीत चित्र उघडते, हवामान विभागाचे रडार आणि पर्जन्यमापकाची नोंद पाहते, आणि त्यानंतरच ‘पाऊस’ हा शब्द वापरते. बहुतेक वेळा ‘दाट ढगांचे आच्छादन’ एवढेच लिहून थांबते. संपादकांना ते कोमट वाटते.

मावशीला हे सगळे फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे पांढरं दिसलं तर लगेच सामान हलवायचं नाही.” मी म्हटले, “नाही. पण नदीची पातळी वाढली तर मात्र चित्र कसलंही असो, हलवायचं.” परवा रात्री तिने एक छायाचित्र पाठवले. गच्चीवरून काढलेले, जरासे हललेले. चंद्राभोवती मोठे, फिकट खळे. खाली लिहिले होते : “हे घे तुझे स्फटिक. आज गुळगुळीत आहेत वाटतं.”